मायक्रोप्रोसेसर इंटरफेसिंगचं ट्रेनर किट: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी, हल्याळ या भागातले डिप्लोमा आणि इंजिनिअरिंगचे विद्यार्थी, लॅब सांभाळणारे इन्स्ट्रक्टर आणि नव्याने लॅब उभी करणारे शिक्षक जे प्रश्न पुन्हा पुन्हा पाठवतात, त्यांची उत्तरं इथे एकत्र केली आहेत. ज्या आकड्यांपुढे ‘एच’ आहे ते हेक्साडेसिमल समजावेत. पोर्टचे पत्ते प्रत्येक किटचे वेगळे असतात, त्यामुळे उदाहरणातले पत्ते आपल्या किटच्या मॅन्युअलप्रमाणे बदलून घ्या.

१. ट्रेनर किट आणि इंटरफेस कार्ड यात फरक काय? दोन्ही घ्यावी लागतात का?

किटवर प्रोसेसर, रॅम, मॉनिटर प्रोग्राम भरलेला ईप्रॉम (वीज गेली तरी न पुसली जाणारी मेमरी), हेक्स कीबोर्ड, डिस्प्ले आणि एक-दोन ८२५५ (बाहेरच्या वस्तू जोडायला पोर्ट देणारी आयसी) असतात. कार्डावर बाहेरची वस्तू असते: स्टेपर मोटरचा ड्रायव्हर, एडीसी (व्होल्टेजचा आकडा करणारी), डीएसी (आकड्याचं व्होल्टेज करणारी), रिले, सेव्हन सेगमेंट, कीबोर्ड मॅट्रिक्स, ट्रॅफिक लाईट. दोन्ही २६ पिनांच्या चपट्या एफआरसी केबलने जोडली जातात. नुसत्या किटवर बेरीज-वजाबाकी आणि सॉर्टिंग शिकता येतं, इंटरफेसिंग नाही. म्हणून दोन्ही हवीत.

२. ८०८५ प्रोसेसर तर १९७६ सालचा. अर्दुइनो असताना हे कशाला शिकायचं?

प्रोजेक्ट करायचा असेल तर अर्दुइनो जरूर वापरा. पण तिथे एका ओळीत पिन हाय होते आणि मधलं सगळं झाकलेलं राहतं. ८०८५च्या किटवर पत्त्याची खालची आठ बिटं आणि डेटा एकाच आठ तारांवरून येतात, एएलई या पिनच्या इशाऱ्यावर ७४एलएस३७३ पत्ता धरून ठेवते, ७४एलएस१३८ त्यातून चिप निवडते आणि मग ८२५५च्या पिनवर व्होल्टेज येतं. यातल्या प्रत्येक पायरीवर मीटर किंवा स्कोप लावता येतो. उद्यमबागेत किंवा मच्छेत सीएनसी मशीनचं इनपुट-आउटपुट कार्ड बंद पडलं की दुरुस्त करणाऱ्याला हीच साखळी तपासावी लागते: सिग्नल कुठपर्यंत पोचला आणि कुठे थांबला.

३. नवीन लॅबसाठी ८०८५, ८०८६, ८०५१ की एआरएम?

आपल्या चालू स्कीममध्ये (अभ्यासक्रमात) ज्याचं नाव आहे तेच घ्या. व्हीटीयूचं (विश्वेश्वरय्या तांत्रिक विद्यापीठाचं) मुख्यालय बेळगावातच आहे आणि स्कीम काही वर्षांनी बदलते हे इथल्या सगळ्यांना ठाऊक आहे. म्हणूनच आमचं ठाम मत असं: प्रोसेसरच्या बोर्डावर कमी आणि कार्डांवर जास्त खर्च करा. प्रोसेसर बदलला तरी स्टेपर, एडीसी, डीएसी आणि रिलेची कार्डं तीच चालतात. फक्त ५ व्होल्ट आणि ३.३ व्होल्ट यांचा मेळ बघावा लागतो (प्रश्न १४).

४. २० जणांच्या बॅचला किती सामान लागेल?

दोघांत एक याप्रमाणे १० किट आणि एक राखीव. तिघांत एक किट दिलं की तिसरा नुसता वहीत लिहीत बसतो, ते टाळा. कार्डं सगळ्यांना एकाच वेळी लागत नाहीत. प्रयोग फिरते ठेवले तर प्रत्येक प्रकारची तीन किंवा चार कार्डं पुरतात.

सुट्या भागांत हे कायम हाताशी असावं: ८२५५ पाच, यूएलएन२८०३ (मोटर, रिले चालवणारी ड्रायव्हर आयसी) दहा, ७४एलएस३७३, ७४एलएस१३८ आणि ७४एलएस२४५ दोन-दोन, तयार एफआरसी केबली सहा, योग्य रेटिंगचे फ्यूज आणि ०.१ मायक्रोफॅरडचे सिरॅमिक कपॅसिटर. किट घेताना सगळ्या मोठ्या आयसी बेसवर बसवलेल्या आहेत ना, हे आधी बघा. थेट सोल्डर केलेली ४० पिनांची ८२५५ काढताना बोर्डाचे ट्रॅक उखडतात आणि शंभर-दोनशे रुपयांच्या आयसीपायी अख्खं किट बाद होतं.

५. सुटे भाग कुठे मिळतात?

रेझिस्टर, रिले, कनेक्टर बेळगावात मिळून जातात. ८२५५, ८२५३, एडीसी०८०९ यांसारख्या जुन्या आयसींसाठी पुण्याची बुधवार पेठ, मुंबईचा लॅमिंग्टन रोड किंवा बेंगळुरूचा एसपी रोड गाठावा लागतो. जुन्या आयसीवर नवीन छाप मारून विकण्याचे प्रकार होतात. पिना वाकवून सरळ केल्याच्या खुणा किंवा कथलाचा अंश दिसला तर ती आयसी वापरलेली आहे असं समजा. ८२५५एच्या जागी ८२सी५५ए पिनाला पिन बसते आणि बहुतेक किटवर काही न बदलता चालते.

६. सप्लाय कसा असावा? आमच्याकडे लाईट सारखी जाते-येते.

साधारण किटला +५ व्होल्ट ३ अँपिअर आणि डीएसी, ऑप-अँपसाठी ±१२ व्होल्ट लागतात. स्टेपर मोटरसाठी १२ व्होल्टचा सप्लाय वेगळा ठेवा आणि दोन्हींचे ग्राउंड मात्र जोडा. ग्राउंड जोडलं नाही तर ड्रायव्हरला सिग्नल कळतच नाही.

५ व्होल्ट सप्लायच्या टोकाला मोजू नका, प्रोसेसरच्या पिनवर मोजा. ८०८५ची ४० नंबरची पिन आणि २० नंबरची पिन यांच्यात ४.७५ ते ५.२५ व्होल्ट हवेत. सप्लायवर ५.० आणि पिनवर ४.६ दिसले तर तार बारीक आहे किंवा कनेक्टर सैल आहे. अशा वेळी किट मधूनच रिसेट होतं आणि दोष प्रोग्रामवर जातो.

वळवाच्या पावसात, एप्रिल-मेमध्ये, विजा चमकतात आणि लाईट झटक्याने परत येते. लाईट गेली की बेंचचा मेन स्विच बंद करायचा आणि आल्यावर एखादा मिनिट थांबून चालू करायचा, ही शिस्त स्टॅबिलायझरइतकीच उपयोगी पडते.

७. एफआरसी केबल उलटी लागली तर काय होतं?

केबलची लाल कड १ नंबरच्या पिनकडे. बऱ्याच किटवर याच कनेक्टरच्या शेवटच्या पिनांवर +५ व्होल्ट आणि ग्राउंड असतात. केबल उलटी लागली की ते दोन्ही भलत्याच पोर्ट पिनांवर जातात आणि ८२५५ किंवा कार्डावरची बफर आयसी तापून जाते. आयसीवर बोट ठेववत नसेल तर सप्लाय लगेच काढा. खाच असलेला बॉक्स कनेक्टर लावून घेतला तर ही चूक करताच येत नाही. साधा हेडर असेल तर १ नंबरच्या पिनशेजारी बोर्डावर लाल नेलपॉलिशचा ठिपका द्या.

८. एका कंपनीचं कार्ड दुसऱ्या कंपनीच्या किटला चालतं का?

कनेक्टर बसतो, पण पिनांचा क्रम तोच असेल याची खात्री नसते. आधी कार्ड न जोडता किटच्या कनेक्टरवर मीटरने +५ आणि ग्राउंड कुठे आहेत ते शोधा. मग सप्लाय बंद ठेवून कार्डावरच्या आयसींच्या सप्लाय पिना कनेक्टरच्या कोणत्या पिनेला कंटिन्युइटी दाखवतात ते बघा. दोन्ही जुळलं तरच जोडा. त्यानंतर प्रश्न ९ मधल्या पद्धतीने पोर्ट ए, बी, सी कोणत्या पिनांवर येतात ते काढा. क्रम वेगळा निघाला तर मध्ये एक जोडणी केबल स्वतः बनवा, तिच्यावर दोन्ही किटची नावं लिहा आणि ती त्या कार्डासोबतच ठेवा.

९. प्रोग्राम बरोबर आहे, तरी ८२५५च्या पोर्टवर काहीच येत नाही. कसं तपासू?

कार्ड काढून ठेवा आणि किट एकटं तपासा. पोर्ट ए ००एचला आणि कंट्रोल रजिस्टर ०३एचला आहे असं धरून हे नऊ हेक्साडेसिमल बाइट भरा:

३ई ८० डी३ ०३ ३ई ५५ डी३ ०० ७६

म्हणजे कंट्रोल वर्ड ८०एच (सगळी पोर्ट आउटपुट, मोड ०), मग पोर्ट एवर ५५एच, मग थांबा. आता मीटरची काळी पिन ८२५५च्या ७ नंबरवर धरा आणि लाल पिन क्रमाने ४, ३, २, १, ४०, ३९, ३८, ३७ वर फिरवा. हा पीए० ते पीए७ असा क्रम आहे. हाय, लो, हाय, लो असं एकाआड एक दिसलं पाहिजे. हाय म्हणजे पूर्ण ५ व्होल्ट नव्हे, २.४च्या वर काहीही चालतं. मग ५५च्या जागी एए भरून परत बघा, सगळं उलटं झालं पाहिजे.

दोन्ही वेळा एकच पिन हाय राहिली तर तेवढा बिट जळालेला आहे. सगळ्याच पिना गप्प असतील तर २६ नंबरवर ५ व्होल्ट आणि ३५ नंबरवर (रिसेट) लो आहे का ते बघा. ३५ नंबर हाय अडकली असेल तर ८२५५ कंट्रोल वर्ड घेणारच नाही. हे सगळं ठीक असेल तर पत्ता चुकतोय, मॅन्युअल उघडा.

इथेच आणखी एक गोष्ट पुष्कळांना अडवते. प्रोग्राम थांबल्यावर रिसेट दाबला की पोर्टवरचं सगळं जातं, कारण तोच रिसेट ८२५५लाही जातो आणि तिची सगळी पोर्ट इनपुट होतात. नवा कंट्रोल वर्ड लिहिला तरी आउटपुट लॅच शून्य होतात. म्हणून कंट्रोल वर्ड प्रोग्रामच्या सुरुवातीला एकदाच लिहा, लूपच्या आत नाही.

१०. पोर्टला थेट एलईडी लावला तर मंद पेटतो. का?

जुन्या ८२५५एचं पोर्ट हाय असताना जेमतेम ०.२ मिलिअँपिअर हमखास देतं आणि लो असताना सुमारे १.७ मिलिअँपिअर ओढून घेतं. नीट पेटायला एलईडीला ५ ते १० मिलिअँपिअर लागतात. मध्ये यूएलएन२८०३ किंवा ७४एलएस२४४ घाला आणि एलईडीला ३३० ओहम द्या. ८०५१चंही तसंच: एटी८९एस५२ची पिन लो असताना १० मिलिअँपिअरपर्यंत घेते, पण १ ते ३ या प्रत्येक पोर्टची एकूण मर्यादा १५ आहे. आठही एलईडी १०-१० मिलिअँपिअरने थेट लावले तर मर्यादा केव्हाच ओलांडली जाते. पोर्ट ० ओपन ड्रेन आहे, त्याला १० किलोओहमचे पुल-अप लागतातच.

११. स्टेपर मोटर जागेवरच थरथरते, फिरत नाही.

सगळ्यात जास्त येणारा प्रश्न हाच. कारणं तीन, याच क्रमाने बघा.

पहिलं, तारांच्या जोड्या. सहा तारांच्या मोटरमध्ये दोन वाइंडिंग आणि प्रत्येकाला मधला टॅप असतो. मीटरने ओहम मोजा: टोक ते टोक जितके, त्याच्या निम्मे टोक ते मध्य. मधल्या दोन तारा +१२ला. एका वाइंडिंगची दोन टोकं ड्रायव्हरमधून पोर्टच्या डी३ आणि डी२ या बिटांना, दुसऱ्याची डी१ आणि डी०ला. मग ०ए, ०६, ०५, ०९ हा हेक्साडेसिमल क्रम चालतो आणि उलट क्रमाने दिला की मोटर उलटी फिरते. टोकं मिसळली की पुढे-मागे झटके बसतात. अर्ध्या पावलासाठी ०९, ०१, ०५, ०४, ०६, ०२, ०ए, ०८.

दुसरं, वेग. १.८ अंशांच्या मोटरला एका फेऱ्याला २०० पावलं लागतात. प्रत्येक पावलानंतर १० मिलिसेकंद थांबलात तर फेरा २ सेकंदांत, म्हणजे मिनिटाला ३० फेरे. थांबा एक-दोन मिलिसेकंदांवर आणला की बऱ्याच मोटरी सुरूच होत नाहीत, नुसत्या कण्हतात. डिले कसा काढायचा ते प्रश्न १२ मध्ये.

तिसरं, करंट. १२ व्होल्टला ३० ओहमची कॉइल सुमारे ०.३५ अँपिअर घेते आणि एका वेळी दोन कॉइल चालू असतात. यूएलएन२८०३चं एक चॅनल कमाल ०.५ अँपिअरचं आहे, पण दोन्ही मिळून आयसी चांगलीच तापते. यापेक्षा जड मोटर असेल तर टीआयपी१२२ वापरा आणि प्रत्येक कॉइलला १एन४००७ डायोड लावा.

यूएलएन२८०३ची १० नंबरची पिन (कॉमन) मोटरच्या +१२लाच जोडायची. मोकळी सोडली तर कॉइल बंद होताना उसळणारं व्होल्टेज चॅनल मारतं. आणि चुकून +५ला जोडली तर १२ व्होल्ट कॉइल आणि आतल्या डायोडमधून ५ व्होल्टच्या लाईनवर चढतात. तेव्हा मोटर फिरते, सगळं ठीक वाटतं आणि किटवरच्या आयसी मात्र एकेक करून जातात. कार्डावरच्या आयसी वारंवार जळत असतील तर सर्वात आधी ही पिन तपासा.

प्रयोग संपल्यावर पोर्टवर ००एच पाठवा. नाहीतर मोटर थांबलेली दिसते, पण कॉइलमधून करंट वाहतच राहतो आणि ती तापते.

१२. डिले कसा मोजायचा? माझा लूप संपतच नाही.

बहुतेक ८०८५ किटवर ६.१४४ मेगाहर्ट्झचा क्रिस्टल असतो, आतलं घड्याळ त्याच्या निम्मं, ३.०७२ मेगाहर्ट्झ. म्हणजे एका मिलिसेकंदात ३०७२ टी-स्टेट (घड्याळाचे ठोके). हा लूप घ्या:

एलएक्सआय डी, ०५००एच
परत: डीसीएक्स डी
मूव्ह ए, डी
ओआरए ई
जेएनझेड परत

लूपच्या एका फेरीला ६ + ४ + ४ + १० = २४ टी-स्टेट. १२८ फेऱ्या म्हणजे बरोबर एक मिलिसेकंद. म्हणून १ मिलिसेकंदाला ००८०एच, १० मिलिसेकंदांना ०५००एच आणि अर्ध्या सेकंदाला एफए००एच.

लूप संपत नसेल तर मधल्या दोन ओळी गाळल्या गेल्या आहेत. डीसीएक्स झिरो फ्लॅगला हात लावत नाही. त्यामुळे जेएनझेड आधीचाच फ्लॅग बघतो आणि लूप एकतर लगेच सुटतो किंवा कायमचा अडकतो. मूव्ह आणि ओआरए त्यासाठीच आहेत. ए रजिस्टरमध्ये काही जपायचं असेल तर डिलेआधी ते पुश करा.

१३. एडीसी०८०९ कधी मागचंच रीडिंग देतो, कधी सगळी रीडिंग थोडी जास्त येतात.

हे दोन वेगळे दोष आहेत. मागचं रीडिंग येतं कारण स्टार्ट दिल्यावर ईओसी (रूपांतर संपल्याचा इशारा देणारी पिन) लगेच लो होत नाही. त्याला आठ क्लॉक आणि वर २ मायक्रोसेकंद लागू शकतात. ६४० किलोहर्ट्झ क्लॉकला हे सुमारे १४.५ मायक्रोसेकंद होतात. ८०८५चा एक ‘इन’ सव्वातीन मायक्रोसेकंदांत होतो. त्यामुळे प्रोग्राम ईओसी आधीच हाय बघतो आणि जुना डेटा उचलतो. आधी ईओसी लो होईपर्यंत थांबा, मग हाय होईपर्यंत. पूर्ण रूपांतर १०० मायक्रोसेकंदांच्या आसपास होतं.

रीडिंग सरसकट जास्त येत असतील तर रेफरन्स मोजा, पिन १२ आणि १६ यांच्यात. ५.० व्होल्ट रेफरन्सला २.५ व्होल्टचं रीडिंग ८०एच येतं. ४.८च असतील तर तेच ८५एच येतं. दोष एडीसीचा नाही, सप्लायचा आहे (प्रश्न ६).

डीएसी०८००बद्दलही इथेच सांगून टाकतो. ३ नंबरच्या पिनवर उणे व्होल्टेज नसेल तर आउटपुट मिळत नाही. आणि या आयसीत बी१ हा सर्वात मोठा बिट आहे, पिन ५ वर. स्वतः कार्ड बनवताना डी० बी१ला जोडला तर त्रिकोणी लहरीऐवजी विस्कटलेले दात दिसतात.

१४. तोच प्रोग्राम किंवा तेच कार्ड दुसऱ्या बोर्डावर नेलं की चालत नाही. का?

८०८५वरून ८०८६वर जाताना पत्त्यांतलं अंतर बदलतं. ८०८६चा बस १६ बिटांचा आहे आणि ८२५५ त्याच्या अर्ध्याच भागाला जोडलेली असते. म्हणून पोर्ट ए, बी, सी आणि कंट्रोल यांचे पत्ते दोन-दोनने वाढतात. पत्ता एफएफएचच्या पुढे असेल तर तो डीएक्समध्ये भरूनच ‘आउट’ द्यावा लागतो.

एलपीसी२१४८सारखा एआरएम बोर्ड ३.३ व्होल्टचा. कार्डावर ५ व्होल्टवर चालणारी ७४एचसी असेल तर तिला हायसाठी ३.५ व्होल्ट हवेत आणि ते मिळत नाहीत. कधी चालतं, कधी नाही. त्याच जागी ७४एचसीटी बसवा, तिला २ व्होल्ट पुरतात.

८०५१च्या पिना रिसेटला हाय होतात. यूएलएनमधून जोडलेला रिले म्हणूनच बोर्ड चालू करताच खटकन ओढला जातो. त्या रिलेवर २३० व्होल्टचा दिवा असेल तर हे धोक्याचं आहे. लो आल्यावर रिले ओढला जाईल अशी ड्रायव्हरची मांडणी करा.

१५. ८०५१वरून कॉम्प्युटरला अक्षरं चुकीची जातात.

क्रिस्टल बघा. ११.०५९२ मेगाहर्ट्झ आणि टीएच१ या टायमरच्या रजिस्टरमध्ये एफडीएच भरलं की ९६०० बॉडचा वेग बरोबर मिळतो. १२ मेगाहर्ट्झवर तेच भरलं तर १०४१७ मिळतो, साडेआठ टक्के चूक, आणि पडद्यावर कचरा येतो. क्रिस्टल बदलता येत नसेल तर २४०० बॉड घ्या, टीएच१ एफ३एच. तिथे चूक ०.२ टक्क्यांहून कमी राहते. यूएसबी कन्व्हर्टर टीटीएलचा आहे की आरएस-२३२चा तेही बघा. आरएस-२३२ची उणे-अधिक व्होल्टेज मॅक्स२३२शिवाय थेट चिपला दिली तर ती पिन जाते.

१६. दहावीपर्यंत मराठी माध्यम, लॅबमध्ये सगळं इंग्रजीत. कसं जमवायचं?

सूचनांची नावं आणि पिनांची नावं जशीच्या तशी पाठ करा, ती कुठल्याच भाषेत बदलत नाहीत. पण प्रयोगात काय घडतं ते आधी मराठीत बोलून बघा: पत्ता कुणी धरला, डेटा कुठे गेला, करंट कुणी दिला. ते नीट सांगता आलं की व्हायवाचं इंग्रजी चार-पाच वाक्यांचंच उरतं. शिक्षकांना विनंती की एका किटवर शक्यतो एक मराठी आणि एक कन्नड माध्यमातला विद्यार्थी बसवा. एकमेकांना समजावताना दोघांनाही पिनवर बोट ठेवावंच लागतं.

१७. पावसाळ्यानंतर किट चालूच होत नाहीत. काय करावं?

खानापूरकडच्या पावसात लॅबची भिंत ओली असते. आयसीच्या पिनांवर आणि बेसमध्ये काळपट थर चढतो. सप्लाय काढून प्रत्येक आयसी बेसमध्येच थोडी वर-खाली करून परत दाबून बसवा. बरीच किट एवढ्यानेच उठतात. कनेक्टर आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा आणि पूर्ण वाळल्यावरच सप्लाय द्या. ईप्रॉमच्या काचेवरचा स्टिकर निघाला असेल तर नवा लावा, उन्हाने आणि ट्यूबलाईटने आतला प्रोग्राम हळूहळू पुसला जातो.

रॅमच्या बॅकअपसाठी बोर्डावर ३.६ व्होल्टची निकेल-कॅडमिअम बॅटरी असेल तर ती सर्वात आधी बघा. जुनी झाली की पाझरते आणि शेजारचे ट्रॅक खाते. हिरवट-पांढरी बुरशी दिसली तर बॅटरी कापून काढा, जागा पातळ व्हिनेगरने आणि मग अल्कोहोलने पुसा, तुटलेल्या ट्रॅकवर बारीक तार सोल्डर करा. मे महिन्यात लॅब बंद करताना पाझरण्याची वाट न पाहता ही बॅटरी काढूनच ठेवावी. किट तिच्याविनाही चालतं, फक्त लाईट गेल्यावर प्रोग्राम पुन्हा भरावा लागतो.